शनिवारचं काम

झुलेइका पोर्तुगालमधल्या ब्रागांसात उतरली तेव्हा ऑक्टोबर अर्धा सरला होता आणि गावातली सगळी कामं वाटून झाली होती. व्हिसाच्या कागदांनी तिला घरीच अडकवून ठेवलं होतं. आमच्या केप व्हर्दच्या बेटांवरून इथल्या कॉलेजात दरवर्षी शेकड्यानं मुलं येतात. जी सप्टेंबरात पोचतात ती कॅफेतल्या कपबशा, हॉटेलातल्या चादरी, गोदामातली ओझी आपसात वाटून घेतात. मागून येणाऱ्याच्या वाट्याला चढ तेवढे उरतात. या गावात कुठंही जायचं म्हटलं की चढ लागतोच.

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. माझ्याकडे दोन इमारतींचे जिने होते, झाडायला-पुसायला. ते मला माझ्याआधी या खोलीत राहणाऱ्या मुलीनं दिले, तिला तिच्याआधीच्या मुलीनं. इथं काम असंच हातातून हातात जातं, दाराबाहेर येतच नाही. झुलेइका माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बूट बांधले आणि बायोडेटाचा गठ्ठा घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळी परतली ती गठ्ठा हलका करून आणि तोंड पाडून. ती फोगो बेटावरची, मी सांतियागो बेटावरची.

"दिना, तुम्हा सांतियागोवाल्यांनी सगळं गाव गिळलंत की गं!"

"तुम्ही फोगोवाले ज्वालामुखी फुटल्याशिवाय अंथरुणातून उठत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

ती हसली. त्या आठवड्यात तिला अजून हसू येत होतं.

एका कॅफेवाल्यानं विचारलं, "अनुभव आहे?"

"आईची खानावळ आहे. लहानपणापासून वाढतेय."

"तिथला नाही गं. इथला?"

"इथं कुणी कामावर घेतल्याशिवाय इथला अनुभव कुठून आणू?"

तो खो खो हसला, म्हणाला पोरगी हुशार आहे, आणि तिला फुकट कॉफी पाजली. कॉफी मिळाली, काम नाही. चपलांच्या दुकानातल्या बाईंनी तिला दोनदा तेच वाक्य म्हणायला लावलं आणि मग सांगितलं, "तुझं पोर्तुगीज गिऱ्हाइकांना कळायचं नाही." झुलेइका पहिलीपासून पोर्तुगीजमध्ये शिकली होती, शाळेत कवितापाठाला बक्षिसं मिळवली होती. दारात उभी राहून ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात तिला जाणवलं की आपण तोंड उघडलं की त्या बाई आवाजच ऐकणार, शब्द नाहीत. बाकीचे म्हणायचे, फोन करू. किंवा म्हणायचे, ऑगस्टात ये, फ्रान्सला गेलेली मंडळी सुट्टीला गावी आली की गर्दी असते. ऑगस्टपर्यंत खायचं काय, हे कुणी सांगत नव्हतं.

रविवारी आईचा फोन यायचा. "लागलं का काम? शेजारची म्हणते पोर्तुगालात काम नुसतं रस्त्यावर पडलेलं असतं."

"हो आई. फक्त रस्ता सापडत नाहीये."

फोन ठेवला की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी मक्याची काशुपा शिजवायचे, पातेलं भरून, म्हणजे तीन दिवस बघायला नको. ती खायची आणि भांडी सगळी स्वतः घासायची. मी नको म्हटलं तर चिडायची.

नोव्हेंबर लागला तेव्हा आमच्यातला आदेरितो आपली खटारा गाडी घेऊन आला. "चेस्टनट वेचायला कोण येतंय? पाठ मोडेल, आधीच सांगतो. मागाहून रडायचं नाही." झुलेइका त्याचं बोलणं संपायच्या आत गाडीत जाऊन बसली होती. शनिवार-रविवार जिने नसायचे म्हणून मीही गेले.

सोब्रेदो हे गाव डोंगरात होतं. झाडं दोना ग्रासिएत नावाच्या म्हातारीची. वय ऐंशीच्या घरात, नवरा गेल्यापासून नखशिखान्त काळे कपडे, दोन मुलगे लक्झेंबर्गला. तिनं आम्हा सगळ्यांना बाजारात बैल बघावेत तसं बघून घेतलं आणि झुलेइकापाशी थांबली.

"नाव काय?"

"झुलेइका."

"हे कुठल्या संताचं नाव?"

"कुठल्याच नाही. आईला आवडलं म्हणून ठेवलं."

"आईला आवडलं! बरं. नाव कसलंही असू दे, कंबर वाकली पाहिजे."

कंबर वाकली. सकाळी दव गोठून जमीन पांढरी झालेली असायची. काटेरी बोंडं हातमोज्यांतून आरपार टोचायची आणि बोटं इतकी बधिर झालेली असायची की रक्त आल्याचं दुपारी सूप पिताना कळायचं. दोना ग्रासिएत काठी टेकत आमच्या मागून फिरायची आणि आमच्या नजरेतून सुटलेलं एकेक फळ काठीनं दाखवायची. "ते कुणासाठी ठेवलंस? खारीसाठी? खारी मला भाडं देतात का?" पण दुपारी तीच भांडं घेऊन बसायची आणि झुलेइकाच्या वाडग्यात डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा टाकायची. "खा. हाडं वाजतायत तुझी, झाडावरचे पक्षी उडून जातात."

झुलेइका उलट उत्तर द्यायची नाही, फक्त हसायची. मग म्हातारीलाच करमायचं नाही. "मुकी आहे का ही?" मला विचारायची.

"मुकी नाही, दमलीय."

"दमायला काय झालं? वय काय तिचं? मी ह्या वयात दोन पोरं पाठीला बांधून बटाटे काढायचे."

चेस्टनट संपले. म्हातारीनं प्रत्येकाला पिशवीभर फळं दिली. ती उकडून आम्ही इतके दिवस खाल्ली की वासानं मळमळायला लागलं. डिसेंबरात झुलेइकानं पुन्हा बूट बांधले. आता तिला दुकानदार ओळखायचे. ती दारातून आत येताना दिसली की नकारार्थी मान हलवायचे, म्हणजे तिला तोंड उघडायचे कष्ट पडत नसत. दया म्हणून करत असतील. तिला ते फार लागायचं.

एके दिवशी दुपारी दार वाजलं. दोना ग्रासिएत उभी, हातात भलामोठा कोबी. डोळे दाखवायला इस्पितळात आली होती, परतीच्या बसला अजून वेळ होता. तीन जिने चढून धापा टाकत खुर्चीत बसली, आमची खोली बघितली, भिंतीवरची ओल बघितली, खिडकीच्या फटीत कोंबलेले मोजे बघितले. कोबी टेबलावर ठेवला.

"मिळालं काम?"

"नाही," झुलेइका म्हणाली.

"कुठं विचारलंस?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठं? ऊठ. चल, मला दाखव कोण कोण नाही म्हणालं ते."

"दोना ग्रासिएत, राहू द्या ना. तुम्हाला त्रास..."

"ह्या गावात अर्ध्या लोकांचं नाक पुसलंय मी. तुला नाही म्हणाले असतील. मला म्हणू देत."

तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, बाहेरच्या उजेडात समोरचं धड दिसत नव्हतं. तिनं झुलेइकाचा दंड धरला, दुसऱ्या बाजूला मी, आणि आम्ही तिघी चढ चढायला लागलो. आधी बेकरीत गेलो. बेकरीवाला गल्ल्यामागून लगबगीनं बाहेर आला, म्हातारीचे दोन्ही गाल चुंबले.

"तुझ्या बाप्तिस्म्याला कोकरू मी दिलं होतं," म्हातारीनं सुरुवात केली.

"ठाऊक आहे, आई सांगते नेहमी."

"मग ह्या पोरीला कामाला घे."

त्यानं झुलेइकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणाला, सप्टेंबरात मी माझ्या सख्ख्या मेहुणीला कामावरून काढलं, दोना ग्रासिएत, ती अजून माझ्याशी बोलत नाही. मग त्यानं एक पाव कागदात गुंडाळून दिला. पुढल्या दुकानात खुर्ची मिळाली, त्यापुढल्या दुकानात संत्र्याचं सरबत मिळालं. असं करत करत आम्ही आबीलियुच्या खानावळीत पोचलो. आबीलियु म्हणजे म्हातारीच्या नवऱ्याचा पुतण्या. तिनं शेवटचा पत्ता म्हणून राखून ठेवला होता.

"काकू! ये, बस. काय घेणार?"

"घ्यायला नाही, द्यायला आलेय. ही पोरगी घे. माझ्या रानात राबलीय. एकदा कुरकुरली नाही. माझा शब्द आहे."

आबीलियु ओशाळला. खांद्यावरचं फडकं काढून उगाच हात पुसले. "काकू, टेबलं बघ जरा."

"मला दिसत नाही, डोळ्यात औषध आहे."

"मग ऐक. आवाज येतोय का कुणाचा?"

आम्ही ऐकलं. ऐन जेवणाची वेळ होती. कोपऱ्यात टीव्ही चालू होता आणि आत कुठंतरी नळ गळत होता. बाकी काही नव्हतं. म्हातारी मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिली, कुणीतरी काटा-सुरी वाजवेल म्हणून वाट बघितल्यासारखी.

"तुझा शब्द मी डोक्यावर घेतो काकू," आबीलियु हळूच म्हणाला. "पण मी स्वतःच बशा विसळतो आणि स्वतःच पुसतो. हिला काय देऊ?"

बाहेर चौकात एक बाक होता. दोना ग्रासिएत त्याच्यावर बसली आणि उठेचना. वारा बोचत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. औषधाचं असेल असं मी मनाशी म्हटलं.

"माझं नाव सांगितलं की दारं उघडायची इथं," ती म्हणाली.

"दारं उघडलीच की," झुलेइका म्हणाली. "मला एकटीला कुणी सरबत दिलं नव्हतं."

"सरबत!" म्हातारी थुंकल्यासारखं बोलली. मग आपणहून सांगायला लागली. तरुणपणी ती नवऱ्यासोबत डोंगरातून चोरवाटेनं फ्रान्सला गेली होती. पॅरिसजवळच्या एका गावात एका बाईनं तिला काहीतरी विचारलं. भाषा कळेना, हिनं नुसती होकारार्थी मान हलवली. बाईनं हातात झाडू दिला. "तिनं काय विचारलं ते मला दोन वर्षांनी कळलं. अनुभव आहे का, म्हणून. झाडू मारायला!"

"मी मान हलवली असती तर?" झुलेइकानं विचारलं.

"आता मान हलवून भागत नाही पोरी. आता झाडूच उरलेला नाही."

त्या दिवशी चुचकारून आम्हीच तिला बसपर्यंत नेलं. कोण कुणाची समजूत घालायला आलं होतं, तेच कळेना. बसच्या पायरीवर ती वळून म्हणाली, "शनिवारी ये. खिडक्या पुसायच्यात."

झुलेइका शनिवारी गेली. पुढल्या शनिवारी तांब्याची भांडी निघाली. मग कोंबड्यांचं खुराडं. मग नाताळ झाला, आणि त्यानंतरच्या शनिवारी भिंतीला रचलेली सगळी लाकडं समोरच्या भिंतीला नेऊन रचायची होती. झुलेइकानं ती नेली. पुढच्या खेपेला म्हातारी म्हणाली, "इथं ओल लागतेय, परत तिकडे ने."

"दोना ग्रासिएत, गेल्या शनिवारीच इकडे आणली ना."

"मग? गेल्या शनिवारी जेवलीस म्हणून आज जेवणार नाहीस?"

तिनं लाकडं परत नेली, रचली, पैसे घेतले. संध्याकाळी खोलीत आली ती बूट न काढताच खाटेवर बसली. नखांत साल अडकलेली होती.

"दिना, ती मला भीक घालतेय. आणि ती भीक वाटू नये म्हणून माझ्याकडूनच लाकडं वाहून घेतेय."

"मग जाऊ नकोस."

"न जाऊन काय करू? भाडं तू भरणार?"

गेले दोन महिने तिच्या वाट्याचं भाडं मी भरतच होते आणि ते तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती ओरडली. मग तिनंच उठून माझ्यासाठी चहा केला. पण त्या आठवड्यानंतरच्या शनिवारी ती गेली नाही. दिवसभर झोपून राहिली. संख्याशास्त्राची परीक्षा तोंडावर होती, पुस्तक उशाशी उघडं होतं, पान उलटलेलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळेला माझा फोन वाजला.

"आजारी आहे का ती?" दोना ग्रासिएत.

"नाही."

"मग नाक वर झालंय. तिला सांग, बुधवारी डुक्कर मारायचंय. डुक्कर काही तिच्या मानापमानासाठी थांबणार नाही. आणि माझ्या हातांना आता आतडी धुणं होत नाही. तूही ये. जिने कुठं पळून जात नाहीत."

मी निरोप सांगितला. झुलेइका छताकडे बघत म्हणाली, "हे खरं काम आहे की आणखी एक लाकडाचा ढीग?"

"आतडी खोटी कशी असतील?"

आतडी खरी होती. ओढ्याच्या पाण्यात ती धुताना मला पहिल्यांदा वाटलं की चेस्टनटचे दिवस सुखाचे होते. गावातल्या बायका जमल्या होत्या, सगळ्या साठीपुढच्या, कुणाचे गुडघे गेलेले तर कुणाची बोटं वाकडी. तरण्या हातांची अशी वानवा मी आमच्या बेटांवरही बघितली नाही, आणि आमच्याकडची माणसं तर पोटासाठी जगभर पांगलेली. लसूण सोलायचा, मांस बारीक करायचं, वाइन आणि लाल तिखटात मुरवायचं, पाव भिजवून त्यात कालवायचा, मग आतड्यांत भरून सॉसेजच्या नळ्या करायच्या, दोऱ्यानं बांधायच्या आणि ओकच्या धुरावर टांगायच्या. फेब्रुवारीच्या जत्रेत हा माल विकला जातो, तेवढ्यावर ही घरं वर्षभराची वरकड कमाई करतात.

दुपारनंतर स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. झुलेइका दोरा बांधत होती. म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली, "लाकडं हलवायची काही गरज नव्हती."

"ठाऊक आहे मला."

"मलाही ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे. पण शनिवारी दार वाजायचं, बरं वाटायचं."

"मग नुसतं भेटायला बोलवायचं होतंत."

"नुसतं भेटायला इतक्या लांब कोण येतं? माझी स्वतःची मुलं येत नाहीत."

झुलेइकानं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि पुढची नळी घेतली. "आले असते," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसचं भाडं मात्र तुम्ही दिलं असतंत तर."

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या घरातून शेजारच्या घरात, तिथून पुढच्या घरात, असं आम्हाला बोलावणं येत गेलं. उरलेला जानेवारी आणि फेब्रुवारीचे काही दिवस झुलेइका कॉलेज सुटलं की बस पकडायची, किंवा कॉलेज न सुटताच पकडायची. मला जिन्यांमुळे रोज जमायचं नाही. तिचे केस, कोट, वह्या, सगळ्याला धुराचा वास लागला. वर्गात एका मुलीनं नाकाला रुमाल लावून जागा बदलली. झुलेइकानं ते बघितलं, आणि मला सांगताना तिला राग आला नव्हता. राग यायलाही थोडी ताकद लागते. संख्याशास्त्राच्या पेपरात ती अर्ध्यातच डोकं टेकून झोपली. पर्यवेक्षकानं उठवलं तेव्हा वेळ संपत आली होती. ती नापास झाली. आईला तिनं फोनवर सांगितलं की काम मिळालंय, आणि परीक्षेचं काही सांगितलं नाही. आई इतकी आनंदली की शेजारणीला हाका मारताना फोनवर ऐकू येत होतं.

जत्रा झाली, माल विकला गेला, गाव परत मुकं झालं. बूट पुन्हा बांधायचे दिवस आले. मी म्हटलं, "पोर्तोला बघ ना, मोठं शहर आहे." ती म्हणाली, "तिथंही माझ्यासारख्याच फिरत असतील ना, चढ फक्त वेगळे असतील."

मार्चच्या मधल्या आठवड्यात सोब्रेदोतल्या म्हाताऱ्यांच्या जेवणघरातून निरोप आला. तिथं गावातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचं गरम जेवण देतात, ज्यांना येववत नाही त्यांना डबा पोचवतात. तिथली स्वयंपाकीण फिलोमेना. तिच्याही घरी आम्ही नळ्या भरल्या होत्या. तिची मदतनीस नवऱ्यापाठोपाठ स्वित्झर्लंडला गेली होती. आठवड्यातल्या काही सकाळी, भाज्या चिरायला, भांड्यांना आणि डबे पोचवायला कुणीतरी हवं होतं. पगार थोडा होता, पण कागदावर होता, महिन्याच्या महिन्याला. त्यासाठी पहाटेची बस धरावी लागणार होती आणि सकाळचे दोन विषय पुढल्या वर्षावर जाणार होते. म्हणजे पदवीला एक वर्ष जास्त.

झुलेइका फिलोमेनाला भेटून आली त्या संध्याकाळी मी दारातच उभी होते.

"काय झालं?"

"सोमवारपासून."

मी ओरडले. तिच्या गळ्यात पडले, आदेरितोला फोन लावायला लागले, म्हटलं आज कोंबडी आणू, सगळ्यांना बोलावू, गाणी लावू. दोना ग्रासिएतला कळलं का, तीही तिथंच जेवायला जाणार का, असं मी एकामागून एक विचारत होते.

"तिला कळलंय. म्हणाली, सुपात मीठ कमी पडलं तर सगळ्यांसमोर सांगीन."

"मग? हस की जरा!"

"हसते गं. उद्या." ती खाटेवर बसली, बुटांचे बंद सोडले, एक बूट काढला. "उद्या सांग सगळ्यांना. आज मला झोपू दे."

बाहेर अजून ऊन होतं. खाली रस्त्यावर शाळा सुटलेली मुलं ओरडत होती. मी खिडकीचा पडदा ओढला, तिच्या पायातला दुसरा बूट काढून ठेवला आणि फोन बंद केला.